पाणी मारलेली खोली

आमच्या घरी धुळीवर मारायचं पाणी आधी भरलं जायचं, प्यायचं नंतर.

चिखल्याच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची एक खोली होती. कॉलनीत नाही, कॉलनीच्या बाहेर, कारण बाबा तेव्हा कायम नव्हते. ट्रक भरायच्या कामावर ठेकेदार बोलावील तेव्हा जायचं, नाही बोलावलं तर घरी बसायचं. दिवसभर दारासमोरून मँगनीजचे ट्रक जात आणि काळी बारीक भुकटी भातात, अंथरुणात, माझ्या वहीच्या पानांत जाऊन बसे. वहीवर हात फिरवला की तळवा काळा. शाळेत बाई विचारायच्या, शाई सांडली का गं? मी हो म्हणायची. शाई सांडणारं घर बरं वाटायचं.

आई पहाटे हापशीवरून सहा गुंड पाणी आणायची. त्यातले दोन ती दारासमोर रस्त्यावर ओतायची. उन्हाळ्यात हापशी कोरडी उसासे टाकायची, अर्धा गुंड भरायला हात दुखून येत, तरी ते दोन गुंड रस्त्यावर जायचेच. मग आम्ही आंघोळीला कमी पाणी घ्यायचो. शेजारच्या बाया टोमणे मारत, की हिच्या घरी बहुतेक रस्ताच पाणी पितो. आई उलटून फक्त एवढंच म्हणायची, "पोट्टी शिकून राहिली माझी. तिच्या वहीवर धूळ नको."

पुढे बाबा खाणीत कायम झाले, खाली उतरायला लागले. आतलं ते फार सांगत नसत. पण एक गोष्ट नेहमी सांगायचे, की आत पाणी मारल्याशिवाय दगडाला हात लावत नाहीत. धूळ उडाली की माणूस संपतो, म्हणून आधी पाणी. बाहेर आई तेच करत होती, आत बाबा. धुळीला पाणी, ही आमच्या घरातली पहिली शिकवण. अक्षरं त्यानंतर आली.

आईचं माहेर आंबागडचं. त्या घरात आणि बाबांच्या घरात मिळून कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. तुमसरला बसनं जाऊन-येऊन बी.ए. केलं, परीक्षा दिल्या, तिसऱ्या खेपेला कनिष्ठ लिपिक म्हणून निवड झाली. याचा मला अभिमान होता आणि आहे. पण पुढचं जे सांगायचं आहे ते त्या अभिमानामुळेच घडलं, म्हणून तो आधी सांगून टाकला.

आमचं कार्यालय जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी. इमारत जुनी, मागच्या बाजूला रेकॉर्ड रूम. लांबट खोली, दोन्ही भिंतींना छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. खोलीला दोन खिडक्या होत्या म्हणे. कधीकाळी माकडं आत शिरली आणि त्यांनी गठ्ठे फाडले, म्हणून खिडक्यांवर पत्रे ठोकले. पत्र्यांसमोर मांडण्या आल्या. मी रुजू झाले तेव्हा त्या खोलीला खिडक्या आहेत हे एकाच माणसाला ठाऊक होतं. ती म्हणजे तिथं बसणारी मावशी.

मावशी शिपाई होती. नवरा नोकरीत असताना वारला, त्याच्या जागी अनुकंपावर लागलेली. तिला सही येत होती आणि गावांची नावं वाचता येत होती, त्यापलीकडे फारसं नाही. पण हजारो गठ्ठ्यांतून हवा तो गठ्ठा ती चहा निवायच्या आत आणून द्यायची. तिची युक्ती गाठींत होती. फेरफाराच्या गठ्ठ्याला एक गाठ, मोजणीच्या गठ्ठ्याला दुसरी, अपिलात गेलेल्या प्रकरणाला दुहेरी. मांडणीच्या वरच्या फळीवर हात घालून ती नुसती गाठ चाचपायची आणि सांगायची, हे नाही, याच्या बाजूचं. बाकीचे शिपाई चहा आणत, घंटी वाजली की पळत. मावशीला कोणी पळवत नसे. "माह्या खोलीत साहेबालेही विचारून या लागते," असं ती म्हणायची आणि हसायची. सबंध कार्यालयात तिची म्हणावी अशी ती एकच जागा होती.

मला तिच्या हाताखाली म्हणून नाही, पण तिच्या खोलीचा कारभार पाहायला म्हणून दिलं. पहिल्याच दिवशी मी गठ्ठा उचलला आणि हाताला काळं लागलं. मला माझी वही आठवली. दुसऱ्या दिवशी मी शिपायाला सांगून सकाळी फरशीवर पाणी शिंपडायला लावलं, भिंतीच्या कडेनं जरा जास्तच, कारण धूळ तिथं साचते. गठ्ठ्यांवरून ओला कपडा फिरवायला लावला. उन्हाळ्यात मावशीला उकडतं म्हणून बाहेरच्या व्हरांड्यातला कुलर ओढून खोलीच्या दाराशी लावला, तोंड आत करून. खोली थंड झाली, धूळ बसली. साहेबांनी पाहिलं आणि बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, की स्वच्छता काय असते ते या खाणीकडच्या मुलीकडून शिका. त्या संध्याकाळी मी आईला फोन करून ते वाक्य दोनदा सांगितलं.

तेव्हापासून रोज पाणी. दोन वर्षं.

पावसाळ्यात खोलीला वास यायचा. लोणच्याच्या बरणीला बुरा आला की येतो तसा. मावशी डांबरगोळ्या ठेवायची, मग दोन्ही वास मिळून यायचे. मागच्या भिंतीवर हिरवट काळे डाग उमटले. तपासणी आली की त्यांवर चुना मारायचा आणि तपासणी गेली की डाग पुन्हा वर यायचे, थोडे मोठे होऊन. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कोणाला त्यात काही वाटलं नाही. सरकारी भिंतीला ओल असतेच, असं आम्ही धरून चाललो होतो.

मावशीला खोकला सुरू झाला तो याच काळात. कोरडा, थांबून थांबून येणारा. मी घरच्या रीतीप्रमाणे तिला गुळाचे खडे आणून दिले, कारण धुळीत काम करणाऱ्या माणसाला गूळ द्यायचा असतो. ती ते टेबलाच्या खणात ठेवायची, तिथं मुंग्या यायच्या, ती मुंग्यांना शिव्या द्यायची आणि पुन्हा खोकायची.

बाबा निवृत्त झाले. त्यांच्या काही कागदांवर शिक्के हवे होते म्हणून ते एकदा माझ्या कार्यालयाच्या गावी आले. त्यांना माझी खुर्ची पाहायची होती. धुतलेला पांढरा सदरा, खिशाला पेन. मी त्यांना सगळीकडे फिरवलं. माझं टेबल दाखवलं, माझ्या नावाची पाटी दाखवली. त्यांनी पाटीवरून बोट फिरवलं आणि बोट उलटं करून पाहिलं. धूळ नव्हती. मग मी त्यांना रेकॉर्ड रूम दाखवायला नेलं, कारण तिथंच माझं कौतुक झालं होतं.

ते दारात थांबले. आत आलेच नाहीत. नाक वर करून उभे राहिले. मावशी उठली, नमस्कार करता करता तिला ढास लागली. बाबा तिच्याकडे पाहत राहिले, मग तिच्या पाठीमागच्या फळीकडे. तिथल्या खालच्या गठ्ठ्यांवर लाल कापड पांढरं झालं होतं, बारीक मऊ केसांसारखं. मला ते रोज दिसत होतं. मी त्याला धूळच समजत होते.

नेमके त्याच वेळी साहेब व्हरांड्यातून चालले होते. मी ओळख करून दिली. बाबांनी हात जोडले आणि सरळ म्हणाले, "साहेब, या खोलीत माणूस नका बसवू. इथं हवा चालून नाही राहिली."

साहेब हसले. "काका, ही खाण नाही. ऑफिस आहे हे."

"तेच म्हणतो ना," बाबा म्हणाले. "खदानीत हवा पाहाले एक माणूस राहते. त्याचं कामच ते. इथं कोन पाहते?"

मागे दोघेतिघे हसले. कोणीतरी हळूच म्हणालं की मॅडमचे वडील आता इथं सुरुंगही लावतील. मी बाबांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर नेलं. तिथं मी त्यांना सांगितलं, की इथं असं बोलायचं नसतं, मला इथं नोकरी करायची आहे. हे मी चढ्या आवाजात नाही बोलले. समजावणीच्या सुरात बोलले, ते जास्त वाईट होतं.

बाबांनी चहा संपवला. बस आली तेव्हा पायरीवर एक पाय ठेवून ते म्हणाले, "तू पानी मारणं बंद कर, पोरी. तिथं धूळ नाही. आमच्याकडं खदानीत लाकडाच्या टेकूले अशी पांढरी दाढी आली का आमी त्या गल्लीत जात नव्हतो. वल असते अन् हवा उभी राहते, तवाच ते येते."

मी बरं म्हटलं. त्यानंतर ते माझ्या कार्यालयात आले नाहीत.

आणि मी पाणी बंद केलं नाही. कारण काय सांगू. माझं कौतुक त्या पाण्याचं होतं. आयुष्यभर अंगठा लावून पगार घेतलेल्या माणसानं एका वासावरून ते खोटं ठरवावं, हे मला पटलं नाही. मी बी.ए. होते ना.

आणखी एक पावसाळा गेला. मावशीचा दम वाढला. शिडीवर दोन पायऱ्या चढली की ती तिसरीवर थांबायची आणि गाठ चाचपत असल्यासारखं करायची. कार्यालयात कुजबुज सुरू झाली की हिला टीबी आहे. तिचा कप वेगळा झाला. कोणी सांगितलं नाही, एक दिवस तो धुवून खिडकीत एकटा ठेवलेला दिसला. मावशीनं तो उचलला आणि तेव्हापासून ती चहा तिच्या खोलीतच प्यायला लागली, म्हणजे उलट जास्त वेळ आत बसायला लागली. थुंकी दोनदा तपासली, दोन्हीदा काही निघालं नाही. तरी कप वेगळाच राहिला.

मी तिला म्हटलं, वैद्यकीय रजा टाका. ती नको म्हणाली. तिला भीती होती की रजेवर गेली तर खोली दुसऱ्या कोणाला देतील आणि तिला पुन्हा घंटीवर पळावं लागेल. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती तिला त्याच खुर्चीवर काढायची होती.

शेवटी मीच तिला भंडाऱ्याला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी औषधांचं विचारलंच नाही. विचारलं, सुट्टीत बरं वाटतं का? मावशीनं आठवून सांगितलं, की गेल्या दिवाळीत कोंढ्याला भावाकडे आठ दिवस होते, तिथं आडवं होऊन झोपले, खोकलाही कमी होता. कामावर आले आणि पुन्हा सुरू. मग डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, की ही बसते ती खोली कशी आहे.

मी म्हणाले, "एकदम स्वच्छ आहे मॅडम. धूळ अजिबात नाही. मी रोज पाणी मारायला लावते."

डॉक्टरांचा पेन थांबला. "रोज?" त्यांनी विचारलं. "खिडक्या आहेत?"

मी मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "हायेत. पत्रे ठोकले त्याईवर."

नागपूरला आणखी तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी साध्या शब्दांत समजावलं. भिंतीवर, कागदांवर जी बुरशी असते तिचे कण हवेत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, बंद खोलीत ते जात नाहीत, श्वासातून आत जातात. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याची फुप्फुसं वर्षानुवर्षं सुजत राहतात आणि मग आतून कडक होतात. जेवढं कडक झालं तेवढं परत मऊ होत नाही. पुढचं थांबवता येईल, मागचं नाही.

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीशी बसली. पवनी रोडची बस होती, तिला भावाकडे सोडायचं होतं. दोन्ही बाजूंना धान निसवला होता. मी बऱ्याच वेळानं तिला म्हटलं, की पाण्याची अक्कल माझी होती. ती बाहेरच पाहत होती.

"मले मालूम होतं, बाई," ती म्हणाली. "तू पानी माराले लावलं त्या साली वास वाढला. तवाच समजलं मले."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तू शिकलेली. कालेजात गेलेली. मी अडाणी बाई तुले काय सांगू?"

ती रागावून नाही म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. माझी आई सहा गुंडांतले दोन रस्त्यावर ओतत होती ते यासाठी, की मी शिकावं. मी शिकले, आणि माझ्या शिकण्याला घाबरून एक बाई तीन वर्षं गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी मी पाणी बंद केलं, कुलर हलवला, आणि खिडक्या उघडून द्याव्यात म्हणून वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. पत्राला उत्तर आलं की इमारत दुसऱ्या खात्याची आहे, त्यांना लिहावं. त्यांना लिहिलं. त्यांनी विचारलं, खिडक्या नकाशात आहेत का. नकाशा त्याच खोलीत एका गठ्ठ्यात होता आणि मावशी रजेवर होती. आम्ही चौघांनी चार दिवस शोधला, सापडला नाही. मग मी कोंढ्याला गेले. मावशी अंगणात बाजेवर उशांना टेकून बसली होती. तिनं डोळे मिटले आणि सांगितलं, डावी मांडणी, खालून दुसरी फळी, दुहेरी गाठ पण टोक आत खोवलेलं. नकाशा तिथंच होता. बुरशीनं त्याच्या कडा खाल्ल्या होत्या, पण खिडक्या दिसत होत्या. दोन.

मी तिच्याकडे नंतरही जात राहिले. तिनं सुतळीच्या तुकड्यावर मला सगळ्या गाठी शिकवल्या. बोलताना धाप लागायची, म्हणून ती बांधून दाखवायची आणि मी सोडून पुन्हा बांधायची. चुकले की माझ्या बोटांवर टिचकी मारायची. "मॅडमले गाठ नाही येत," असं भावजयीला सांगून एकदा हसली आणि त्या हसण्यानंतर बराच वेळ तिला श्वास सापडला नाही. दर वेळी ती विचारायची, खिडकी उघडली का? मी म्हणायची, पत्र गेलंय.

पौषात ती गेली. पत्र तेव्हाही गेलेलंच होतं.

तेराव्यानंतरच्या सोमवारी नव्या साहेबांची पहिली बैठक होती. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या खोलीत पाणी मारायची पद्धत मी सुरू केली. माझ्या वडिलांनी मला ते चूक असल्याचं सांगितलं होतं, इथंच, व्हरांड्यात, आणि मी त्यांना गप्प केलं होतं. कोणी हसलं नाही. कपाबद्दल मी काही म्हणाले नाही, पण ज्यांनी तो वेगळा केला होता ते खाली पाहत होते. नवे साहेब म्हणाले, की उत्तर येईल तेव्हा येईल, पत्रे तर आपण काढू शकतो.

मी बाबांना फोन केला. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. शनिवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी ते पहिल्या बसनं आले, पिशवीत सब्बल आणि पक्कड घेऊन. दोन शिपाई आणि मी मांडण्या ओढल्या, बाबांनी पत्रे उपटले. मागची लाकडी तावदानं फुगून बसली होती, ती ठोकून ठोकून उघडली. तोंडाला सगळ्यांनी रुमाल बांधले होते, बाबांचा हुकूम होता. उजेड आत आला तेव्हा भिंत पहिल्यांदा नीट दिसली. मी ती कशी दिसत होती ते लिहीत नाही. तिच्यासमोर मावशी बसत होती एवढं पुरे.

मग बाबांनी पिशवीतून उदबत्ती काढली. शिपायाला वाटलं पूजा करायची आहे, तो नारळ आणू का म्हणाला. बाबा म्हणाले, नको, हवा पाहाची आहे. त्यांनी उदबत्ती पेटवून खोलीच्या मधोमध, मावशीच्या खुर्चीच्या जागी धरली. धूर आधी सरळ वर गेला. आम्ही पाहत राहिलो. मग तो वाकला, मांडणीच्या कडेनं सरकला आणि खिडकीतून बाहेर गेला.

"चालली," बाबा म्हणाले.

आता त्या खोलीला दोन खिडक्या आहेत आणि त्यांना माकडांसाठी जाळी आहे. मांडण्या भिंतीपासून हातभर दूर आहेत. बुरशी लागलेले गठ्ठे वेगळे काढून उन्हात वाळवले, ज्यांचं काही उरलं नव्हतं त्यांची तशी नोंद झाली. तिथं दिवसभर कोणी बसत नाही. खिडक्या रोज दहा वाजता उघडायच्या आणि सहाला लावायच्या, असा कार्यालयीन आदेश आहे, त्यात त्या कामाच्या माणसाचं नाव लिहिलेलं असतं. या वर्षी ते नाव माझं आहे.